बोरिवलीचं नॅशनल पार्क: बाग कुठे संपते आणि जंगल कुठे सुरू होतं?

लोकलमध्ये ज्यांचं नेट मध्येच जातं, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अं’ काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे बोरिवलीचं नॅशनल पार्क. कागदोपत्री संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पण रिक्षावाल्याला फक्त ‘नॅशनल पार्क’ सांगा, पुरतं. मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक शाळेची एक तरी सहल इथे आलेली असते. आणि त्यामुळेच बऱ्याच जणांच्या डोक्यात या जागेचं चित्र शाळेच्या सहलीवरच अडकलंय: डबा, नदीकाठ, वाघाची सफारी, परत बस.

पण हे साधारण १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे. एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला ठाणे, खाली भांडुप-मुलुंड. सहलीत आपण बघतो तो त्याचा पुढचा छोटासा तुकडा, कृष्णगिरी उपवन. बागेसारखा राखलेला भाग. सकाळी चालायला येणारे काका-काकू, सायकली, गांधी टेकडी, सगळं तिथेच. आणि सफारीतले वाघ-सिंह कुंपणातले आहेत बरं का. या जंगलात मोकळा वाघ नाही. मोकळा आहे तो बिबट्या, आणि तो तिकीट काढून दिसत नाही. त्याच्याकडे येतोच, आधी लेण्यांकडे जाऊ.

मेन गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे. पार्कची बस जाते, सायकल भाड्याने मिळते, पाय चांगले असतील तर चालत जा. लेण्यांचं तिकीट वेगळं, कारण ती पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे एकशे नऊ लेणी आहेत आणि बहुतेक जण तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात उंच बुद्धमूर्तीसमोर फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका. वर चढा. वरच्या बाजूला छोटे छोटे विहार आहेत, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या खोल्या. बसायला दगडी ओटा, आणि दाराजवळ पाण्याची टाकी. हिला पोढी म्हणतात. डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी कातळात कोरलेल्या पन्हाळीतून या पोढ्यांमध्ये उतरायचं. चार महिने पाऊस, आठ महिने कोरडं, अशा ठिकाणी लोक कित्येक शतकं राहिले ते या पाण्याच्या सोयीवर.

एक गंमत सांगतो. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ सालचे. काही पारशी मंडळी लेणी बघायला आली होती, त्यांनी आपली नावं आणि तारीख कोरून ठेवली. म्हणजे ‘अमुक यहाँ आया था’ हा प्रकार हजार वर्षं जुना आहे! (त्यांचं लिखाण आज इतिहासाचा पुरावा आहे. तुमचं असणार नाही, खिशातली चावी खिशातच ठेवा.)

पाण्याची ही गोष्ट भिक्खूंबरोबर संपली नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या विहिरी आणि तळी पुरेनाशी झाली, तेव्हा इंग्रजांनी याच डोंगरात बांध घातला. १८६० मध्ये विहार तलाव झाला आणि शहराला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. १८७९ मध्ये तुळशी. आज मुंबईच्या गरजेपुढे या दोघांचा वाटा अगदी थोडा आहे, पण ते चालू आहेत. तुळशीतून दहिसर नदी निघते, उपवनात तुम्ही जिच्या काठावर बसता तीच. विहार आणि पवईचं जादा पाणी मिठीत जातं. म्हणजे ज्यांना आपण सर्रास नाला म्हणतो त्या दोन्ही नद्या इथून स्वच्छ निघतात. पुढे त्यांचं काय होतं ते आपण बघतोच.

आता बिबट्या. २०१८ मध्ये कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत पार्क आणि आसपासच्या भागात ४७ बिबटे सापडले. एवढ्या दाट वस्तीला खेटून एवढे बिबटे, हे जगात फार कमी ठिकाणी असेल. ते खातात काय? चितळ, रानडुक्कर, माकडं, आणि बऱ्याच प्रमाणात भटकी कुत्री. कुत्री का? कारण जंगलाच्या कडेने वस्ती आहे, वस्तीत कचरा आहे, कचऱ्यावर कुत्री आहेत. साखळी इतकी साधी आहे.

ही साखळी माणसाच्या जिवावरही बेतलीय. २००४ साली एकट्या जून महिन्यात बिबट्यांच्या हल्ल्यात जवळपास दहा माणसं गेली. असे हल्ले होतात ते बहुतेक कडेच्या गरीब वस्त्यांत, अंधारात, आणि पुष्कळदा लहान मुलांवर. घरात संडास नाही, बाहेर दिवा नाही, अंगणापासून चार पावलांवर कचऱ्याचा ढीग. उंच इमारतीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की व्हिडिओ व्हायरल होतो, पण खरी जोखीम कोण घेतं ते लक्षात घ्या.

तेव्हा उपाय एकच माहीत होता: पिंजरा लावा, पकडा, लांब सोडा. डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसलं की याने प्रश्न वाढू शकतो. अनोळखी जागी सोडलेला बिबट्या बावरतो, भटकतो, आणि त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा येतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढून, कॉलर लावून माळशेज घाटात सोडला. तो शंभरावर किलोमीटर चालत मुंबईच्या दिशेने आला! मूळचा तो इकडचाच असावा असा अंदाज आहे. त्याचं नाव ‘आजोबा’. त्याच नावाचा मराठी सिनेमा २०१४ ला आला, पाहिला नसेल तर पाहा. खरा आजोबा २०११ मध्ये हायवेवर गाडीच्या धडकेत गेला.

त्याच वर्षी वनखात्याने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. अभ्यासक, पोलीस, पत्रकार, सोसायट्या, सगळ्यांशी बोलणं. कचरा उचला, संध्याकाळनंतर मुलांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याला कोंडू नका. ऐकायला किरकोळ वाटतं. पण माझं मत विचाराल तर पिंजऱ्यापेक्षा वस्तीतला संडास आणि वेळेवर येणारी कचऱ्याची गाडी जास्त जीव वाचवते.

आणि पार्कच्या आत पाडे आहेत, तेही विसरायला नको. वारली, महादेव कोळी, कोकणा कुटुंबं पिढ्यान् पिढ्या इथे राहतात. त्यांच्याकडे वाघोबा हा देव आहे, आणि त्यांच्या वाघोबात वाघ आणि बिबट्या दोघंही येतात. आपण तिकीट काढून ज्यांच्या अंगणातून जातो त्यांना वीज-पाण्यासाठी अजून झगडावं लागतं, हे मला तरी खटकतं.

जायचं असेल तर सोमवार सोडून जा, सोमवारी पार्क बंद असतं. पावसाळ्यात सगळ्यात सुंदर, पण दगड निसरडे आणि ओढे अचानक फुगतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर जा, नाहीतर लेण्यांचा काळा कातळ तव्यासारखा तापतो. शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटांना परवानगी आणि बरोबर माहितगार माणूस लागतो, आडवाटेने घुसू नका. प्लॅस्टिकची पिशवी नेऊ नका. खाण्याचं पुडकं हातात दिसलं की कान्हेरीची माकडं ते मागत नाहीत, घेतात. आणि लेण्यांच्या वाटेवर पाड्यातल्या मावश्या काकडी, करवंदं, आवळे घेऊन बसलेल्या असतात. घरून वेफर्स आणण्याऐवजी त्यांच्याकडून घ्या. उन्हाळ्यात गेलात तर करवंदं आधी.