चेहरा गेला रजेवर!

साखरपुड्याला सहा आठवडे उरलेले आणि कपाळावर पिंपल्सचे डाग. कोपऱ्यावरच्या केमिस्टने काही न विचारता एक ट्यूब पुढे केली. ‘आठ दिवसांत फरक पडेल.’ पडला की! ऑफिसात नुसता कॉम्प्लिमेंट्सचा पाऊस. महिन्याभराने ट्यूब संपली आणि तोंड लालबुंद. साधं पाणी लागलं तरी झोंबायचं.

डॉक्टरांनी मला ट्यूबवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. स्टेरॉइड! २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत. (मिळतात.)

त्वचेचा सगळ्यात वरचा थर ही भिंत समजा. पेशी विटा आणि मधलं सिमेंट सेरामाइड, फॅटी ॲसिड अन् कोलेस्टेरॉलचं. हो, तेच कोलेस्टेरॉल, ज्याच्या धास्तीने बाबांनी तूप सोडलं! स्टेरॉइडच्या माऱ्याने हे सिमेंट कमी बनतं. मग आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं सगळं आत घुसून झोंबतं.

आता स्क्रब, टोनर, आईचं लिंबू-बेसन सगळं बंद. अल्कलाइन साबणाऐवजी सौम्य क्लेन्झर, चेहरा ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. बस्स. आणि हो, तुमच्याकडेही अशी ट्यूब असेल तर मनाने एकदम सोडू नका, लाली उसळते. आधी डॉक्टर गाठा. माझी भिंत बांधायला काही महिने गेले.

साखरपुड्याचे फोटो अर्थात लालच आले. होणाऱ्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, ‘किती लाजतेय पोर!’ मी गप्प बसले.