परंगिमलै आणि तिचा परिसर

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात, मीनंबाक्कमच्या विमानतळापासून थोड्याच अंतरावर, सुमारे ९० मीटर उंचीची एक टेकडी आहे. इंग्रजी कागदपत्रांत ती सेंट थॉमस माउंट या नावाने येते. तमिळ भाषक तिला परंगिमलै, म्हणजे फिरंग्यांचा डोंगर, असे म्हणतात. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसास तिला डोंगर म्हणणे जड जाईल. परंतु किनाऱ्यालगतच्या सपाट प्रदेशात एवढी उंचीदेखील पुष्कळ ठरते. पायथ्याचे लहानसे गाव इंग्रजी अमलात लष्करी छावणी बनले आणि पुढे शहराने त्यास आपल्यात सामावून घेतले. तथापि या टेकडीवर आणि तिच्या भोवतालच्या काही किलोमीटरांच्या आत भूविज्ञान, प्रागितिहास, शिल्प, धर्म आणि भूमापन यांच्या ज्या खुणा एकत्र आढळतात, तशा अन्यत्र क्वचितच आढळतील. त्या पाहण्यास एक दिवस पुरतो. त्यांचा अर्थ लागावा यासाठी मात्र थोडी माहिती आधी असणे इष्ट होय.

प्रारंभ पायाखालच्या खडकापासूनच करावा. निळसर करड्या रंगाचा, अतिशय कठीण असा हा खडक पृथ्वीच्या कवचात खोलवर, प्रचंड उष्णता आणि दाब यांखाली सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी घडला. कलकत्त्यातील जॉब चार्नॉक या इंग्रज व्यापाऱ्याच्या थडग्यावरची शिळा याच जातीच्या दगडाची आहे. त्यावरून थॉमस हॉलंड या भूवैज्ञानिकाने १८९३ मध्ये या खडकाला चार्नोकाइट हे नाव दिले आणि पुढे ते जगभरच्या भूविज्ञानात रूढ झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने येथील खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे.

टेकडीच्या नैर्ऋत्येस पल्लावरम हे उपनगर लागते. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या तरुण भूवैज्ञानिकाला येथे, जांभ्याच्या खडीसाठी खणलेल्या खड्ड्यात, माणसाने हेतुपुरस्सर घडविलेली दगडी हातकुऱ्हाड सापडली. युरोपात अशा हत्यारांवरून मानवाच्या प्राचीनत्वाचा वाद तेव्हा नुकताच मिटू लागला होता. भारतातही पुराश्मयुगीन मानव वावरत होता, हे या एका दगडाने दाखवून दिले. त्याच वर्षी शहराच्या वायव्येस अत्तिरंपाक्कम येथेही अशी हत्यारे मिळाली. तेथील सर्वांत जुन्या थरांचे वय सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. फूटने जमविलेला संग्रह चेन्नईच्या एगमोर येथील शासकीय संग्रहालयात आहे. पल्लावरमला जाणाऱ्याने त्यास अवश्य भेट द्यावी; कारण मूळ जागेवर आता पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही.

पल्लावरमच्याच एका टेकाडात सातव्या शतकाच्या आरंभी पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मा याने पाच गर्भगृहे असलेले लेणे खोदविले. विटा, लाकूड किंवा चुना यांविना, केवळ खडक कोरून देवालय उभारण्याची जी प्रथा त्याने तमिळ प्रदेशात रुजविली, तिचा हा आरंभीचा नमुना होय. वेरूळ-अजिंठ्याचा भव्यपणा येथे शोधू नये. जाड चौकोनी खांब आणि त्यांवर कोरलेली राजाची बिरुदे यांतच त्याचे महत्त्व आहे. कालांतराने या लेण्याचा दर्गा झाला. देव बदलला तरी जागेचे पावित्र्य टिकते, याचा हा एक दाखला म्हणावा लागेल.

परंगिमलैच्या माथ्यावरही असेच घडले आहे. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या संत थॉमसला येथे हौतात्म्य प्राप्त झाले, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. इतिहासाच्या काटेकोर कसोटीस ती उतरत नाही. परंतु माथ्यावरील चर्चमध्ये जो कोरीव दगडी क्रूस जपून ठेवला आहे, तो मात्र ठोस पुरावा होय. पोर्तुगीज बांधकामाच्या वेळी १५४७ मध्ये तो सापडला. त्यावरील लेख पहलवी, म्हणजे प्राचीन इराणी लिपीत आहे. यावरून पोर्तुगीजांचे जहाज भारतात येण्यापूर्वी कित्येक शतके या किनाऱ्यावर इराणशी संबंध असलेल्या ख्रिश्चनांची वस्ती होती, हे स्पष्ट होते. माथ्यावर जाणाऱ्या पायऱ्या अठराव्या शतकात पेत्रुस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने बांधविल्या. यात्रेकरूंना अड्यार नदी सुखरूप ओलांडता यावी म्हणून सैदापेट येथे १७२६ मध्ये त्याने पूलही उभारला होता. तो पूल आता नाही. त्याचा शिलालेख मात्र नव्या पुलापाशी उभा आहे.

पायऱ्या चढून वर आल्यावर विमानतळाची धावपट्टी, शहराच्या इमारती आणि पूर्वेस समुद्राची रेघ दिसते. याच माथ्यावर विल्यम लॅम्बटनचा अर्धपुतळा आहे. १० एप्रिल १८०२ रोजी त्याने या टेकडीलगतच्या मैदानात एका सरळ रेषेच्या मोजणीस आरंभ केला. ती रेषा दक्षिणेस पेरुंबाक्कमच्या टेकाडाकडे सुमारे १२ किलोमीटर जात होती. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन ठाऊक असले, म्हणजे उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. नव्या बाजूवर दुसरा त्रिकोण रचता येतो, त्यावर तिसरा. अशा रीतीने एका रेषेवरून सारा देश मोजणे शक्य होते. पण पहिली रेषा चुकली, तर तिची चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते.

म्हणूनच ही मोजणी विलक्षण सावधपणे झाली. शंभर फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत, तिवयांच्या आधाराने पसरली जाई आणि जवळ तापमापके ठेवली जात. पोलाद उन्हाने प्रसरण पावते. दहा अंश सेल्सिअसचा फरक दुर्लक्षिला, तर एवढ्या लांबीवर सुमारे दीड मीटरची चूक होते. ही साखळी चारशे वेळा उचलून ठेवावी लागली. ऐन उन्हाळ्यात ते काम ज्यांनी केले, त्या मजुरांची नावे पुतळ्यावर नाहीत. या मोजणीतून पुढे भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण उभे राहिले आणि त्याच त्रिकोणांच्या मालिकेने हिमालय गाठून, लॅम्बटनच्या मृत्यूनंतर, एव्हरेस्ट शिखराची उंची निश्चित केली. जगातील सर्वोच्च शिखराच्या मापाचे मूळ असे या नव्वद मीटरांच्या टेकडीपाशी आहे.

आज माथ्यावरून पाहिले असता ती रेषा डोळ्यांना सापडत नाही. मैदानावर वस्ती झाली आहे आणि पेरुंबाक्कम इमारतींनी वेढले आहे. जवळचा पळ्ळिकरणैचा पाणथळ प्रदेश भराव आणि कचरा यांमुळे आक्रसत गेला. २०२२ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. पल्लावरम आणि त्रिशूलम परिसरातील टेकड्यांचे लचके खडीच्या खाणींनी तोडले. शहराचे रस्ते बांधण्यास दगड हवा होता, हे नाकारता येत नाही. परंतु फुटलेला खडक पुन्हा घडत नाही. परंगिमलै वाचली ती मुख्यतः यात्रेकरूंच्या श्रद्धेमुळे, आणि त्या श्रद्धेच्या आश्रयाने खडकाचा व भूमापनाचा वारसाही राहिला. प्रत्येक टेकडीला असा आश्रय लाभत नाही. तेथे जाणत्या नागरिकांनाच राखण करावी लागते.

मराठी वाचकाला ही कथा दूरची वाटण्याचे कारण नाही. चेन्नईहून निघालेला लॅम्बटन वीस वर्षे त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला, तो वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. त्याची कबरही तेथेच आहे. परंगिमलैच्या पायथ्याशी आरंभ झालेल्या एका दीर्घ वाटचालीचे दुसरे टोक असे विदर्भाच्या काळ्या मातीत आहे.