काट्यावर न दिसणारी चरबी

वेल्ह्यात (आता राजगड तालुका म्हणायचं) किंवा भोरच्या हिरडस मावळात ‘पोरगं अंग धरत नाही’ ही आजीची नेहमीची तक्रार. लठ्ठपणा हा पुण्याच्या सोसायट्यांमधला आजार. मग मोबाईल दाखवून नातवाला चार घास जास्त भरवले, तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते आत. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्यातल्याच सहा गावांत १९९३ पासून गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण ही तूट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान आणि पाठीवरची, फऱ्याखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत. किडकिडीत दिसणारी आपली मुलं चरबीच्या बाबतीत जन्मापासूनच तशी गरीब नसतात.

कमी पडतात ते स्नायू, आणि जेवणानंतर रक्तातली साखर खपवण्यात मोठा वाटा त्यांचाच; हलते असले तर आणखी जास्त. वस्तीवरून शाळेपर्यंतची चढउतार हे काम फुकटात करत होती. आता दारात जीप येते. तिला नावं ठेवणार नाही. आषाढात ओढा ओलांडणाऱ्या मुलाला ती हवीच. प्रश्न घरी आल्यावरच्या तासांचा आहे.

तिथेही दोष नुसता बसण्याचा नाही. कॅलिफोर्नियात थॉमस रॉबिन्सन यांनी एका शाळेतल्या मुलांचा टीव्ही कमी करवला. १९९९ साली निष्कर्ष छापून आले. दुसऱ्या शाळेतल्या मुलांच्या तुलनेत यांची चरबी कमी वाढली, पण धावणं-खेळणं फारसं वाढलेलं आढळलं नाही. टीव्हीसमोरचं जेवण मात्र घटलं होतं. पडद्यात गुंतलेल्या मुलाला पोट भरल्याचं कळतच नाही. आजीचे चार जादा घास तसेच उतरतात, वर पाच रुपयांचं पुडकंही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली आढळली. जास्त वजनाची ४.१ टक्के, आधीच्या पाहणीत हीच १.९ होती. दोन्ही एकाच राज्यात, कधी एकाच घरात.

म्हणून मुलांसाठी वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप कामाची. पाच वर्षांपुढच्या मुलाच्या कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. मुलगा हाडकुळा दिसत असला तरी मोजावा.