शेजाऱ्याची बोअर

दोन शेतकरी, जमिनीखाली पाण्याचा साठा एकच. दोघांनी बेताने उपसा केला तर उन्हाळाभर पाणी पुरतं. पण प्रत्येकाच्या मनातला हिशेब असा: शेजारी जपून वापरत असेल, तर मी जास्त उपसून ऊस काढावा, आणि तो उपसतच असेल, तर मी थांबून काय मिळवणार? कसाही विचार करा, उत्तर एकच: बोअर आणखी खोल न्या. दोघेही शहाणे, आणि चैत्रातच दोघांच्या मोटारी कोरड्या.

गेम थिअरी शिकताना सुरुवातीलाच भेटणारा ‘कैद्यांचा पेच’ तो हाच. १९५० साली अमेरिकेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी तो मांडला. कैद्यांची गोष्ट अल्बर्ट टकर यांनी जोडली. एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही, अशा स्थितीला नॅश समतोल म्हणतात; दोघांनीही उपसत राहणं हा असाच समतोल. समतोल म्हणजे सगळ्यांचं भलं, असं मात्र नव्हे. नवशिके नेमके इथेच फसतात.

अशा वेळी माणसांना दोष देऊन भागत नाही, खेळाचे नियम बदलावे लागतात. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली. शेजारी काय करणार, याचा अंदाज बांधत बसण्याची वेळच तिथे फारशी येत नाही.