गंजलेला बोल्ट आणि घाईचा हात



एखाद्या वाड्याच्या मागे, चिंचेच्या सावलीत, जुनी जीप उभी असलेली आपण पाहिली असेल. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या, आणि पुढे पुष्कळ वर्षे ह्या गाड्या आपल्या कच्च्या रस्त्यांवर धावल्या. आज आजोबांची ती गाडी पुन्हा चालती करावी, असे घरातल्या एखाद्या तरुणाच्या मनात येते. तो पाना घेऊन खाली शिरतो, आणि पहिलाच बोल्ट त्याला अडवतो. जोर केला तर कोपरे गोल होतात. आणखी जोर केला तर बोल्ट कटकन तुटतो. मग दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होऊन बसते. आज आपण ह्या हट्टी बोल्टाविषयी बोलू.

बोल्ट अडतो का? कोणी फार पिळला म्हणून अडतो, असे आपल्याला वाटते. खरे कारण निराळे आहे. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो, आणि हा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांत मोकळी जागा ती किती! तेथे गंज फुगला, की कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकावी तशी पाचर बसते. म्हणजे आपली लढाई बोल्टाशी नाही, त्या पाचरीशी आहे.

शिक्षकबंधुभगिनींनी हे वर्गात जरूर दाखवावे. तीन बाटल्या घ्या. एकीत खिळा अर्धा पाण्यात ठेवा. दुसरीत उकळून गार केलेले पाणी, त्यात खिळा आणि वर तेलाचा थर. तिसरी अगदी कोरडी, बूच घट्ट. आठ दिवसांनी पाहा. गंज पहिल्या बाटलीत ठळक दिसेल. हवा आणि पाणी दोन्ही मिळाल्याशिवाय लोखंड गंजत नाही, हे मुलांना कायमचे कळेल.

आता कामाकडे वळू. आधी पोलादी ब्रशने बाहेर आलेले आटे स्वच्छ घासा. मग गंज सोडवणारे तेल लावा. ते न मिळाल्यास डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून चालवता येते. संध्याकाळी लावा, सकाळी पुन्हा लावा, आणि मधून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या. ठोक्याने गंजाला बारीक तडे जातात व तेल आत उतरते.

पाना नेमका मापाचा हवा. ह्या जुन्या जीपचे बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच, म्हणजे चार सूत, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेथे १३ चा पाना बसतो खरा, पण सैल बसतो, आणि कोपरे खातो. तोंडाच्या पान्यापेक्षा सहा कोनी सॉकेट किंवा रिंग पाना बरा. आणि सोडवण्यापूर्वी बोल्ट किंचित घट्ट करून पाहा. पाचर मोडायला तेवढी हालचाल पुरते. एकदा हलला, की अर्धा फेरा मागे, पाव फेरा पुढे, आणि थेंबभर तेल.

एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. डाव्या चाकाचा नट सुटेना, म्हणून पान्यावर पाइप चढवून जोर केला, आणि स्टड तुटला. मागाहून कळले, की जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. तो नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो. मी सोडवत नव्हतो, पिळत होतो! तेव्हा जोर करण्यापूर्वी आटे कोणत्या बाजूला चढतात ते पाहावे.

काही नट दिसतच नाहीत. धुराच्या नळीचा जोड इंजिन आणि चासीच्या मधे दडलेला असतो. तेथे आरसा आणि बॅटरी घ्या, बोटाने चाचपा, सॉकेटला लांब दांडी लावा. तरी पाना तिरका बसत असेल, तर आड येणारा भाग आधी काढा. एक तास जास्त जाईल, पण तिरका पाना आणि अर्धवट पकड यांनीच बोल्ट बिघडतात.

तेलाने न सुटल्यास उष्णता. नट तापवा, बोल्ट नव्हे. २० मिलिमीटरचा नट ३०० अंशांनी तापला, तर सुमारे ०.०७ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढा फुगतो. तेवढ्याने पाचर सुटते. परंतु पेट्रोलची टाकी, नळ्या, ब्रेक किंवा रबर जवळ असेल तेथे ज्योत नेऊ नका. भेदक तेलही पेट घेते, ते आधी पुसून काढा. तेथे छिन्नीने नट फोडणे किंवा करवतीने कापणे शहाणपणाचे. नट दहा रुपयांचा असतो, इंजिनाचा बिडाचा ठोकळा नव्हे.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. भक्कम घोडी लावा, चाकांना दगड लावा. हट्टी बोल्टावर जोर करताना गाडी हलते.

गाडी पुन्हा जोडताना चाके, ब्रेक व स्टिअरिंग यांचे गंजलेले बोल्ट परत वापरू नका. त्याच मापाचे आणि त्याच ताकदीचे नवे घाला. धुराच्या नळीला पितळी नट लावा, ते गंजून चिकटत नाहीत. पुढे कधीतरी कोणी ते सोडवील, तेव्हा तुम्हाला दुवा देईल.