लडाखची गाडी मंठ्यात तयार होऊ शकते! पण आधी काय विकायचं ते ठरवा

मागच्या व्हिडिओत आपण तालुक्याच्या गावातल्या गॅरेजबद्दल बोललो. एक मुद्दा घाईत राहिला, तो इथे निवांत मांडतो. एक्सपल्स किंवा हिमालयन घेऊन स्पिती-लडाखला निघणाऱ्या गिऱ्हाईकाची गाडी तयार करून देणं.

"सर, हे पुण्याचं काम. मंठ्यात कोण येणार?"

अहो, तुमच्या दारावरून रोज जाणारा दूधवाला बघा की! दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, त्यासाठी वेल्डरकडून करून घेतलेली पाइपची चौकट. पावसाळ्यात काळी माती चाकात आणि मडगार्डात गच्च बसते, चाक फिरत नाही, म्हणून शेतकरी मडगार्डच काढून ठेवतो. एक्सपल्सचं पुढचं मडगार्ड कंपनीनं वर दिलंय ते याच कारणासाठी. म्हणजे कच्च्या रस्त्याची गाडी कशी असावी हे तुम्हाला आधीच माहिती आहे. फक्त त्याचे पैसे कधी घेतले नाहीत.

आता गिऱ्हाईक येतं ते यादी घेऊन: चार लाइट, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, स्टिकर. यादी बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. किती दिवस? एकटा की डबल सीट? सामान किती किलो?

मग टायरपासून सुरुवात. एक्सपल्सचं पुढचं चाक 21 इंची, मागचं 18. ट्यूबचे टायर, स्पोकची चाकं. 18 ची ट्यूब कुठेही मिळेल, स्प्लेंडरची चाकंही 18 इंचीच. 21 ची मात्र आडगावच्या पंक्चरवाल्याकडे सहसा नसते. म्हणून सोबत एक 21 ची ट्यूब द्या. अडचणीत ती मागच्या 18 च्या टायरमध्ये तात्पुरती घालून गाव गाठता येतं, 18 ची मात्र पुढे चालत नाही. दोन लिव्हर, हवेचा छोटा पंप, पॅच. आणि गिऱ्हाईकाकडून तुमच्यासमोर एकदा चाक काढून-बसवून घ्या. या अर्ध्या तासाचे पैसे लावा, आनंदाने देतो तो.

दुसरं, गाडी पडणार. पडणारच. म्हणून हँडगार्ड, एक जादा क्लच लिव्हर, क्लच केबल. लिव्हरचा क्लॅम्प इतकाच आवळा की पडल्यावर लिव्हर फिरेल, तुटणार नाही. हे फुकटचं काम, पण दोन हजार किलोमीटरवर तेच कामाला येतं.

सामानाची चौकट बोल्टवर बसवा. चासीला वेल्डिंग कधीच नाही, आणि गाडीवर ठेवून तर नाहीच. एफआय गाडीचं ईसीयू गेलं तर सगळा नफा गेला. एक्सपल्सचा सायलेन्सर उजवीकडे वर आहे, त्या बाजूची बॅग लांब राहील असा पाइप वाकवा. वजन खाली आणि पुढे.

पेट्रोलचं पण बघा. एक्सपल्सची टाकी 13 लिटरची. महाराष्ट्रात जादा कॅनची गरजच नाही. मनालीहून लेहला जाताना तांदीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची प्रसिद्ध पाटी आहे, तिथे जाणाऱ्यालाच पाच लिटरचा कॅन द्या.

आता कायदा. इथे बरेच जण डोळे झाकतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हींचा अर्थ एकच: आरसीवर नोंदलेली कंपनीची मूळ रचना बदलायची नाही. कलम 182अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हीरोनं 2020 मध्ये एक्सपल्सचं रॅली किट साधारण 38,000 रुपयांना आणलं, तेसुद्धा रस्त्यावर चालवायला नव्हतं. 2022 मध्ये कंपनीनं रॅली एडिशन काढली तेव्हा कुठे ती उंच गाडी रस्त्यावर कायदेशीर झाली. तर उंची, टाकी, सायलेन्सर बदलून मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. अपघात झाला की इन्शुरन्सवाला आधी गाडीचे फोटो बघतो, आणि गिऱ्हाईक तुमचं नाव सांगतं.

हिशेब? समजा चौकटीचा माल 1,800, वेल्डर 1,000, रंग 400. झाले 3,200. तुमचे सहा तास, तासाला 200 धरले तरी 1,200. म्हणजे 4,400 ही तुमची पडती किंमत, त्याच्यावर नफा. आपले तास न धरता 3,500 ला काम देणारे मी फार पाहिलेत. हँडगार्ड, टायर असा बाहेरून मागवायचा माल पूर्ण आगाऊ रक्कम घेऊनच मागवा, दुकानात भरून ठेवू नका. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत, जॉब कार्डवर फोटो.

आणि गाडी ताब्यात देण्याआधी सामान लादून मंठा ते लोणार आणि परत एक चक्कर, मधे थोडी शेताची वाट. परत आल्यावर प्रत्येक नटबोल्ट पुन्हा आवळा. चौकटीचे तर हमखास सैल झालेले सापडतात.