हार्ड डिस्क मध्येच ‘झोपते’ का? ही एक सेटिंग आजच तपासून बघा!

पाहुण्यांना लग्नाचे जुने फोटो दाखवायचे म्हणून तुम्ही कॉम्प्युटरवरचं फोल्डर उघडता आणि स्क्रीन अडकते. पाच-दहा सेकंद काहीच हलत नाही. मग आतून ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो आणि फोटो दिसायला लागतात.

“गेली वाटतं हार्ड डिस्क!” असं म्हणून आपण घाबरतो. पण बहुतेक वेळा ती गेलेली नसते, नुसती झोपलेली असते. ती कधी झोपणार, हे मात्र तुम्ही ठरवू शकता.

आत नेमकं काय चालतं?

हार्ड डिस्कमध्ये गोल तबकड्या असतात. त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारतात. माहिती वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं.

काम नसलं की डिस्क दोन प्रकारे वीज वाचवते. आधी हेड तबकडीवरून बाजूला घेतलं जातं, याला ‘पार्किंग’ म्हणतात. त्यानंतरही काम आलं नाही, तर मोटरच थांबते. हे झालं ‘स्पिनडाउन’.

(तुमच्याकडे एसएसडी असेल तर निश्चिंत राहा. तिच्यात फिरणारा भागच नसतो.)

मग सतत झोपवूनच ठेवली तर?

इथेच गंमत आहे. थांबलेली मोटर पुन्हा सुरू होताना सर्वात जास्त वीज खेचते. मोठ्या डेस्कटॉप ड्राइव्हला त्या क्षणी २० वॉटच्या आसपास लागू शकतात, एकदा फिरायला लागली की काही वॉट पुरतात. शिवाय हेड किती वेळा पार्क व्हावं, यालाही मर्यादा असते. अनेक डेस्कटॉप ड्राइव्हसाठी ती ३ लाख वेळा इतकी दिलेली असते.

३ लाख म्हणजे खूप वाटतात ना? वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ मालिकेतले अनेक ड्राइव्ह अवघे ८ सेकंद काम नसलं की हेड पार्क करत. समजा, कॉम्प्युटर दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी बारीकसारीक लिहितोय. म्हणजे तासाला १२० वेळा आणि दिवसाला २८८० वेळा पार्किंग! या हिशोबाने ३ लाखांचा आकडा साडेतीन महिन्यांत गाठला जातो. त्या दिवशी डिस्क बंद पडतेच असं नाही, पण झीज झालेली असते.

आता बचत बघू. ४ वॉट वाचतात असं धरलं आणि डिस्क वर्षभर फिरलीच नाही, तरी वाचतील जेमतेम ३५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर साडेतीनशे रुपये. तेवढ्यासाठी दिवसातून पन्नास वेळा डिस्क झोपवणं-उठवणं परवडणारं नाही.

सेटिंग कुठे असते?

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलमधून पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज उघडा. तिथे ‘हार्ड डिस्क’खाली ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ हा पर्याय दिसेल. बॅलन्स्ड प्लॅनमध्ये, चार्जर लावलेला असताना, तिथे सहसा २० मिनिटं असतात. शून्य टाकलं की ‘नेव्हर’ होतं.

लिनक्सवर हे काम ‘एचडीपार्म’ करतं. पण तिथे १२० लिहिलं म्हणजे १२० मिनिटं नव्हेत! २४० पर्यंतचा आकडा पाचने गुणायचा आणि उत्तर सेकंदांत धरायचं, म्हणजे १२० ची झाली १० मिनिटं. पुढे २४१ म्हणजे अर्धा तास आणि २४२ म्हणजे एक तास.

किती वेळ ठेवावा?

• दिवसभर वापरात असलेली डिस्क : एक तास किंवा ‘नेव्हर’
• आठवड्यातून एकदा उघडली जाणारी बॅकअप डिस्क : २० ते ३० मिनिटं
• बॅटरीवर चालणारा लॅपटॉप : ५ ते १० मिनिटं चालतील

यूएसबीवरच्या काही डिस्क मात्र विंडोजचं ऐकत नाहीत. त्यांच्या डब्यातलं सर्किट स्वतःच वेळ ठरवतं.

तुमच्या डिस्कचा आकडा किती?

‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि ‘लोड/अनलोड सायकल काउंट’ ही ओळ शोधा. आठवड्याने पुन्हा बघा. आकडा रोज हजारांनी वाढत असेल, तर पार्किंग अति होतंय. याच सॉफ्टवेअरमधल्या ‘एपीएम’ पर्यायातून ते बऱ्याच ड्राइव्हमध्ये कमी करता येतं. सुरुवातीला हे आकडे हेक्साडेसिमल पद्धतीत दिसतात, त्यामुळे आधी सेटिंगमधून ते दशमान करून घ्या.

आणि हो, ‘घुंऽऽ’ आवाज म्हणजे डिस्क जागी होतेय. पण ‘खट्... खट्...’ असा आवाज सारखा येत असेल, तर सेटिंग शोधत बसू नका, आधी महत्त्वाची माहिती दुसरीकडे घ्या. सेटिंग कितीही चांगली असली तरी डिस्क कधीतरी जातेच. लग्नाचे फोटो दोन ठिकाणी असतील, तर मात्र ते जात नाहीत!